मनुबाईचं अस्वल

वडगावच्या आमच्या गल्लीत पहाटेपासून मागांचा खटखटाट चालायचा, आणि त्यातूनही मनुबाईचा आवाज वेगळा ऐकू यायचा. तिनं तोंड उघडलं की शेजारचे माग थांबत. तिला वाटायचं, आपल्या धाकानं थांबतात. खरं म्हणजे भांडण नीट ऐकू यावं म्हणून लोक ते थांबवायचे. मीही कितीदा थांबवलाय.

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मनुबाईचा नवरा यमनाप्पा साड्या विणायचा आणि ती त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. यमनाप्पा इतका भोळा, की त्याला कुणी शिवी दिली तरी तो आधी तिचा अर्थ विचारायचा. एकुलती एक मुलगी लग्न होऊन खानापूरला गेलेली. घरात भांडायला कुणी उरलं नाही म्हणून बाई गल्लीशी भांडायची. गल्लीही तिचं सगळं सोसायची, कारण एक गोष्ट तिच्याइतकी कुणालाच येत नव्हती. लहान पोरांची सोंगं.

गणपतीत पाचव्या दिवशी गल्लीचा मेळा असायचा. पोरं गाणी म्हणायची आणि एखादं छोटं नाटक करायची. नाटक कसलंही असो, त्यात जनावरं असायचीच. माणसांची कामं मोठ्या पोरांना जायची, मग धाकट्यांच्या आया रुसायच्या, आणि त्यांची तोंडं बंद करायला वानर, ससे आणि वाघ लागायचे. हे सगळं रान मनुबाईच्या घरात तयार व्हायचं.

सुईदोऱ्याला ती हात लावत नसे. जुनं धोतर, गोणपाटाचा तुकडा, मागाखाली पडलेला सुताचा गुताडा आणि भांडंभर खळ, एवढंच तिचं सामान. खळ म्हणजे ताण्याच्या सुताला ताठपणा यावा म्हणून आम्ही विणकर लावतो ती पिठाची पेज. धोतराचा पीळ खळीत बुडवून वाळवला की वानराचं शेपूट उभं राहायचं. जुन्या पंच्याला हळदीचं पाणी दाखवून वर काजळीचे पट्टे ओढले की वाघ झाला. बाकी सगळ्या गाठीच. पोराला घालायला सोपं, काढायला सोपं, आणि मध्येच लघवी लागली तर आईची तारांबळ नाही. कुणी हौशी बाई विचारायची, "आक्का, शेपूट उभं कसं ऱ्हातंय वो?" मनुबाई नाक उडवायची. "खळ कमी पडली तर शेपूट पडतंय. अक्कल कमी पडली तर कायच उभं ऱ्हात न्हाय."

आमच्याकडं एक पद्धत होती. मेळ्याआधी सोंग कुणाला दाखवायचं नाही, दाखवलं तर दृष्ट लागते. त्यामुळं पडदा सरकेपर्यंत सगळी गल्ली माना उंचावून बसायची, आणि पहिला वानर बाहेर उडी मारून आला की बायका मागं वळून मनुबाईकडं बघायच्या. तिची जागा ठरलेली असायची, गणपतीच्या अगदी पुढ्यात. त्या दिवशी ती कुणाशी भांडत नसे. वर्षातला तेवढा एक दिवस तिचा होता, आणि त्या एका दिवसावर ती बाकीचं वर्ष रेटायची.

मग गुणाबाई आली.

परशराम आमच्याच गल्लीचा. इचलकरंजीला मागावर कामाला गेला, तिकडंच त्याचं लग्न झालं, आणि एका उन्हाळ्यात बायको आणि तीन वर्षांचा ज्योतिबा यांना घेऊन तो परत आला. मनुबाईच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. बायको गुणाबाई कागलकडची; आमच्याकडं निम्मं बोलणं कानडीत, आणि तिला कानडीचा गंध नाही. बोलणं मऊ, हसणं त्याहून मऊ. आणि तिच्याबरोबर बैलगाडीतून उतरली एक शिवणाची मिशन.

त्या मिशनीची टकटक भिंतीतून आरपार यायची. जन्मभर मागाच्या आवाजात घोरलेली मनुबाई, पण त्या टकटकीनं तिची दुपारची डुलकी गेली. "भित्तीत सुतारपक्षी शिरलाय," असं ती यमनाप्पाला म्हणायची. यमनाप्पानं खरंच एकदा भिंतीला कान लावून पाहिला.

त्या वर्षीच्या मेळ्यात गुणाबाईनं आपल्या ज्योतिबापुरता एक ससा शिवला. पांढऱ्याशुभ्र कापडाचा, कानांना आतून गुलाबी अस्तर. नाटक संपल्यावर बायकांनी त्या पोराला पकडून त्याचं सोंग उलटंसुलटं करून पाहिलं. "अगं बाई, आतली शिवणसुदिक सरळ हाय!" मनुबाईनं त्याच वर्षी सात सोंगं केली होती. पण पावसाची भुरभुर झाली आणि तिच्या एका वानराचं शेपूट भर नाटकात लोळलं. लोक हसले. शेपूट याआधीही पडलं होतं आणि लोक याआधीही हसले होते, पण तेव्हा शेजारी सरळ शिवणीचा ससा उभा नव्हता.

मनुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला गुणाबाईचा हेवा वाटायला लागला, आणि तो हेवा साधासुधा नव्हता. गुणाबाईच्या अंगणातली रांगोळी तिला खुपायची. तिच्या चुलीचा धूर सरळ वर जातो हेही खुपायचं. दिवाळीला गुणाबाईनं तिच्यासाठी चोळी शिवून आणली, माप न घेता, नुसत्या नजरेनं. ती अंगाला इतकी नीट बसली की मनुबाईनं ती तशीच काढून ट्रंकेच्या तळाशी घातली. आखूड झाली असती तर आनंदानं घातली असती आणि गल्लीभर दाखवत फिरली असती.

त्यात गुणाबाई भांडत नव्हती. हेच मोठं दुखणं. मनुबाईनं सांडपाण्यावरून काढून पाहिलं, कोंबडीवरून काढून पाहिलं. गुणाबाई आपली, "चुकलं आक्का," म्हणून मोकळी. समोरचं माणूस भांडलं की मनातली मळमळ निघून जाते. मनुबाईची मळमळ आत साठत गेली.

आणि तरी ज्योतिबा तिच्याच घरात पडलेला असायचा. पोर भिंतीच्या पलीकडं जेवायचं आणि अलीकडं गूळ खायचं. ती त्याला "माकडा" म्हणायची आणि मांडीवर घेऊन बसायची. आई डोळ्यांसमोर नको आणि पोरगं मांडीवर हवं, हे कसं, ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या वर्षीचा श्रावण संपत आला. नाटक बसवायचे ते बसवंतप्पा मास्तर. मास्तर कानडी शाळेत शिकवायचे, मराठीही बोलायचे, पण वाक्य अर्ध्यावर आलं की त्यांचा पाय कानडीत घसरायचा. त्या वर्षीचं नाटक असं, की रानातला मध चोरायला चोर येतो, सगळी जनावरं घाबरून पळतात, आणि शेवटी अस्वल येऊन चोराला पळवून लावतं. अस्वल ज्योतिबाला दिलं. पोरगं लहान, म्हणून तालमीला बोलावलं नाही. नुसतं बाहेर यायचं आणि गुरगुरायचं, त्यात काय शिकवायचंय? मास्तर जाता जाता गुणाबाईच्या दारात थांबले आणि म्हणाले, "तुमचा मगा यंदा करडी आगली. सोंग चांगलं करा."

मगा म्हणजे मुलगा, आगली म्हणजे होऊ दे, आणि करडी म्हणजे कानडीत अस्वल. आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण कागलच्या बाईला करडी म्हटल्यावर काय दिसणार? शेळीचं करडू. परशराम घरी असता तर त्यानं सांगितलं असतं, पण तो साड्यांचं गाठोडं घेऊन हुबळीच्या बाजाराला गेला होता आणि मेळ्याच्या दिवशी येणार होता.

त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्या आया कापड घेऊन गुणाबाईकडं गेल्या होत्या. मनुबाईचं दार उघडंच होतं, पण एकही आत आली नाही. तिनं खळीचं भांडं घासूनपुसून ठेवलं होतं. ते तसंच पालथं राहिलं. अशा दिवसांत एका सकाळी ती परड्यात भांडी घासत बसली असताना गुणाबाई कुंपणापाशी आली.

"आक्का, एक इचारू? मास्तर म्हणालेत, ज्योतिबा करडी व्हनार. करडी म्हंजे करडूच न्हवं?"

मनुबाईचा राखेचा हात भांड्यावर थांबला. खरं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. मग तिला कुंपणावर वाळत घातलेलं, गेल्या वर्षीच्या सशासारखंच पांढरं कापड दिसलं.

"व्हय की," ती म्हणाली. "दुसरं काय असतंय?"

"मलाबी तसंच वाटलं. पर म्हटलं, तुमास्नी एकडाव इचारलेलं बरं." आणि गुणाबाई हसून आत गेली.

इथवर नुसती खोडी होती. पण खोडीनं मनुबाईचं पोट भरणार नव्हतं. गुणाबाईचं हसं झालं तर झालं, त्यातून आपल्याला काय मिळालं? पुढ्यातली जागा मिळायला हवी होती. तिनं दुपारपर्यंत विचार केला आणि पालथं भांडं सुलटं केलं.

यमनाप्पाचं एक जुनं गोणपाट तिनं घेतलं, त्याला डोक्यापुरतं आणि हातांपुरती भोकं पाडली. मागाखालचा गुताडा गोळा करून त्याच्या झुबक्या केल्या आणि गोणपाटाच्या विणीतून ओढून एकेकीला गाठ मारली. हजार झुबक्या असतील, कुणी मोजल्यात? मग दाट खळीत काजळी कालवली आणि झुबक्यांना उलट्या हातानं लावत गेली, म्हणजे केस बसायच्या ऐवजी उठून राहतात. नाकाला नारळाची करवंटी, नखांना चिंचोके. मापासाठी तिनं ज्योतिबाला बोलावलं, "ये माकडा, नवा करदोटा बांधते," म्हणून कमरेचं, छातीचं, खांद्याचं माप सुतानं घेतलं. पोरगं गुदगुल्या होऊन हसत होतं. तीही हसली.

भाद्रपदात वडगावला ऊन कसलं पडतंय? खळ वाळता वाळेना. ताणा वाळवताना आमचेही हाल व्हायचे. मग तिनं ते कातडं चुलीवर आढ्याला टांगलं आणि रोज खालून धग दिली. यमनाप्पानं जेवताना वर पाहिलं.

"कुणाचं गं हे?"

"अस्वलाचं."

"बरं," म्हणाला आणि भाकरी मोडली.

मेळ्याचा दिवस आला. दिवेलागणीला गल्ली मांडवात जमली. गॅसबत्ती फसफसत होती. परशराम हुबळीहून नुकताच उतरून, हातपाय धुऊन मागं येऊन बसला होता. मनुबाई या वर्षी पुढं बसली नाही. तिथं गुणाबाईला बसवलं होतं. मनुबाई बाजूला खांबाला टेकून उभी होती, आणि तिच्या घराचं दार तिनं मुद्दाम नुसतं लोटून ठेवलं होतं.

ससे आले, वानरं आली, वाघ आला. सगळी शिवलेली, सरळ, सुबक. बायका प्रत्येक वेळी गुणाबाईकडं बघत होत्या. मनुबाईनं एकदाही टाळी वाजवली नाही. मग चोर आला, जनावरं पळाली, चोरानं मधाच्या पोळ्याला हात घातला, आणि वहीतून डोकं न काढता मास्तर पडद्यामागून अस्वलाला बोलावत ओरडले, "करडी! बा, करडी, बा!"

पडदा सरकला आणि एक करडू बाहेर आलं.

असं गोजिरवाणं करडू खऱ्या शेळीलाही झालं नसेल. कापूस भरलेली इवली शिंगं, लोंबते कान, गळ्यात घुंगरू. ज्योतिबा मांडवाच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि आईनं शिकवल्याप्रमाणं म्हणाला, "ब्यांऽऽ".

एक क्षण कुणाला काही कळेना. चोर झालेला पोरगा हातात पोळं धरून तसाच उभा, करडाला बघून पळायचं कसं? मग मांडव फुटला. म्हातारी माणसं ठसका लागेपर्यंत हसली. मास्तर डोक्याला हात लावून बाहेर आले. "अय्यय्यो! करडी म्हणालो मी, करडी! अस्वल हो, अस्वल!" परशराम मागून उठून उभा राहिला. गुणाबाई अर्धवट उठली आणि तशीच राहिली. तिचा चेहरा उतरला. हसणं आपल्यावर आहे हे ज्योतिबाला कळलं आणि त्यानं भोकाड पसरलं.

मनुबाईला आनंद झाला. तो पुरता भोगायला मिळाला नाही, कारण पोराच्या रडण्याचा हिशेब तिनं केला नव्हता. ते रडणं ऐकून ती ठरवल्यापेक्षा लवकर पळाली. घरात गेली, आढ्यावरून कातडं ओढलं आणि मांडवात आली.

"सरका," म्हणाली. "अस्वल हाय माझ्याकडं."

तिनं तिथंच ज्योतिबाच्या अंगातून करडू काढलं आणि अस्वल चढवलं. चार गाठी मारल्या. करवंटीचं नाक बघून पोरगं रडायचं थांबलं, चिंचोक्यांची नखं बघून हरखलं, आणि मग असं गुरगुरलं की चोर नाटक विसरून खराच पळाला. गॅसबत्तीच्या उजेडात ते काळे केस ताठ उभे होते. खरं सांगतो, अंगावर काटा आला. मी दरवेशाचं अस्वल पाहिलंय, ते याच्यापुढं ओलं मांजर. टाळ्या थांबेनात. "मनुआक्का ती मनुआक्काच!" बायकांनी तिला हाताला धरून पुढ्यात नेऊन बसवलं.

गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं भर मांडवात मनुबाईच्या पायांना हात लावला. "आक्का, तुमी माझी अब्रू राखलीसा."

"असूंदे गं," मनुबाई म्हणाली. "तुला कानडी येत न्हाय, तू तरी काय करशील?" आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या घडीला तिच्याइतकं सुखी माणूस वडगावात नसेल.

गल्लीतली सगळ्यात जुनी बाई मालुबाई. उभा जन्म खळ लावण्यात गेलेला. तिनं ज्योतिबाला जवळ ओढलं आणि अस्वलाच्या केसांतून बोटं फिरवली. कौतुकानंच फिरवली, तिच्या मनात काही नव्हतं. "काय कडक खळ बसलीया! असल्या वल्या हवेत! कवा लावलीस गं मने?"

"जुनंच हुतं," मनुबाई चटकन म्हणाली. "घरात पडलेलं."

"जुनं? ज्योतिबाच्या अंगाला तर मापानं केल्यागत बसलंय."

मनुबाई काही बोलायच्या आत यमनाप्पा बोलला. बायकोचं एवढं कौतुक त्यानं कधी पाहिलं नव्हतं आणि त्याची छाती फुगली होती. "जुनं कशानं? लई खपली बिचारी! चार दिस झालं, चुलीवर टांगून वाळवत हुती. मी भाकरी खाताना वरनं काजळी पडायची ताटात!"

आधी कुणीतरी हसलं. मग हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. चार दिस. म्हणजे करडू बाहेर यायच्या आधीच ज्योतिबाच्या मापाचं अस्वल चुलीवर वाळत होतं. खळ कशी वाळते हे सांगायला आमच्या गल्लीला मास्तर लागत नाही. लोकांनी गुणाबाईच्या हातातल्या करडाकडं पाहिलं, मग अस्वलाकडं, मग मनुबाईकडं. यमनाप्पाला वाटलं आपण काहीतरी कमी सांगितलं, म्हणून तो पुढं बोलणार होता, पण मालुबाईनं त्याचा दंड धरला.

मनुबाई तोंड फिरवून गणपतीकडं बघत बसली.

आता गुणाबाई ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं. मनुबाईलाही तेच हवं असणार. शिव्या आल्या असत्या तर तिला परत देता आल्या असत्या. पण गुणाबाईचा आवाज चढला नाही. ती खरोखर कोड्यात पडल्यासारखी बोलली.

"आक्का, मी तुमास्नी इचारलं हुतं." मग तिनं हातातल्या पांढऱ्या करडाची घडी घातली. "अस्वल म्हणाला असतासा, तर मी त्याच पावली ज्योतिबाला घिऊन तुमच्या दारात आले असते. मिशनीवर केस कुठं उभे ऱ्हात्यात, आक्का? ते तुमच्याबिगर कुणाला येतंय?"

तिनं ज्योतिबाला अस्वलासकट कडेवर घेतलं आणि आरतीला न थांबता ती घरी गेली.